नातलग : कोणी नाही

हेलसिंकी,
९ डिसेंबर १९१७

प्रिय सानेल्माताई,

रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल संध्याकाळी आम्ही ‘बर्फफुटी’ वाजवली. गुरुवारी देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं आणि शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तुला माहीतच आहे, सुरुवातीला कोणी काही वाजवत नाही, फक्त माझा एकट्याचा कर्णा. आठ मात्रा. मग खालून मोठी व्हायोलिनं घुमायला लागतात, सरोवराच्या पोटात बर्फ कण्हतो ना, अगदी तसं. ही रचना मी चाळीस वेळा तरी वाजवली असेल. पण झारच्या अमलात पहिल्या रांगेत एक पोलीस अधिकारी गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा. संगीत ऐकायला नव्हे, कोण रडतंय ते बघायला. काल त्या खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. माझा पहिला सूर निघाला आणि ती उठून उभी राहिली. तिच्यामागची रांग उठली, मग त्यामागची, आणि शेवटी सगळं सभागृह. शेवटच्या सुरानंतर टाळ्या नाहीत.

आपल्याकडे ना राजे होऊन गेले, ना मोठमोठे विजय. परक्या देशातल्या लोकांना विचारलं तर आपलं नावही धड घेता येत नाही. पण काल मला वाटलं, आपण कोण आहोत ते आम्ही सत्तर जण मिळून पंधरा मिनिटांत सांगू शकतो.

दाजींना सांग, त्या आठ मात्रा वाजवताना मला तुमच्या स्वयंपाकघरातला ओलाव्याचा वास आला. मी अकरा वर्षांचा होतो, आई नुकतीच गेली होती, आणि ते चुलीशी बसून माझ्या ओठांवर बोट ठेवत म्हणायचे, “फुंकू नकोस रे, श्वास सोड.” मंडळाचे अध्यक्ष श्री. ग्रानरूट यांनी काल माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप खरं तर दाजींच्या पाठीवर पडायला हवी होती.

इम्पीचा खोकला कसा आहे?

तुझा,
याल्मारी

*

ताम्पेरे,
२८ डिसेंबर १९१७

प्रिय याल्मारी,

तुझं पत्र तावेत्तीने तीनदा वाचलं. दोनदा मोठ्याने, एकदा खिडकीकडे तोंड करून. मला म्हणाला, “डोळ्यांत धूर गेलाय.” चूल तर पेटलेलीच नव्हती.

मग स्वारी नेहमीसारखी सुरू झाली. “देश स्वतंत्र झाला म्हणे. त्याच आठवड्यात गिरणी बंद पडली. म्हणजे आता मीही स्वतंत्र.” हसायचं की रडायचं कळेना. तीन आठवडे झाले, माग थंड पडलेत. भाकरीच्या पिठात पाइनच्या सालीचा भुगा घालते. इम्पी म्हणते, “आई, ही भाकरी जंगलासारखी लागते.” खोकला आहे तसाच आहे.

तू लिहितोस, आपण सगळे एक आहोत. असशील बाबा. तुझ्या सभागृहात उभ्या राहिलेल्या बायकांच्या अंगावरचं तलम सुती कापड आमच्याच मागांवरचं, म्हणजे तेवढ्यापुरतं नातं आहे खरं. इथे मालकांची मुलं पांढरी पट्टी बांधून कवायत करतात आणि आमची तांबडी पट्टी बांधून. एकाच शाळेत शिकलेली मुलं रे ही. गल्लीत समोरासमोर आली तरी बघत नाहीत.

तावेत्ती कवायतीला जात नाही. त्याचं आपलं सात वाजंत्र्यांचं बिऱ्हाड बरं आणि कामगार भवन बरं. ‘बर्फफुटी’ त्याने सात कर्ण्यांवर बसवली आहे, माहीत आहे ना? कागद न बघता, नुसती ऐकून. तुमचा वाद्यवृंद इथे आला होता तेव्हा आम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतो, त्या एका ऐकण्यावर. तुझ्या आठ मात्रा तो स्वतः वाजवतो. मी म्हटलं, याल्मारीपेक्षा बरी वाजवतोस. उगाच म्हटलं. पण म्हटलं.

जपून राहा. लोकर घालत जा गळ्यात.

तुझी ताई,
सानेल्मा

*

हेलसिंकी,
३ मार्च १९१८

प्रिय ताई,

पोस्ट चालू आहे हेच नवल. इथे पाच आठवड्यांपासून तांबड्यांचं राज्य आहे. रस्त्यावर ओरडा कमी आणि कुजबूज जास्त. ग्रानरूटसाहेब कुठेतरी लपून बसलेत असं ऐकतो. आम्हाला निरोप आला, लोकांसाठी कार्यक्रम करा. आम्ही केला. गोदीवाले, शिवणकाम करणाऱ्या मुली, बंदुका मांडीवर घेतलेली माणसं, सगळे आले. ‘बर्फफुटी’ला तेही उभे राहिले. हुबेहूब तसेच, डिसेंबरसारखे. वाजवता वाजवता माझा गोंधळ उडाला. डोळे मिटले असते तर कुठले लोक कोणते, ओळखू आलं नसतं.

ताई, हे टिकणार नाही. उत्तरेकडून पांढऱ्यांची फौज खाली सरकते आहे. दाजींना हात जोडून सांग, बंदुकीला हात लावू नका, कुठल्याही यादीत नाव घालू नका. ते कलावंत आहेत. कलावंताने यातलं काही आपलं मानू नये.

याल्मारी

*

ताम्पेरे,
१४ मार्च १९१८

याल्मारी,

तुझा उपदेश वाचून दाखवला. तावेत्ती म्हणाला, “त्याला सांग, मी कलावंत रविवारी असतो. सोमवार ते शनिवार माग दुरुस्त करतो.”

रागावू नकोस, पण सगळं सांगते. त्याने पट्टी बांधली. बंदूक नाही घेतली, ती घेणारही नाही. जखमी उचलून आणतो, आणि पुरताना वाजवतो. रोज पुरतात रे. काल अकरा पेट्या होत्या. एकात लांबच्या गावाहून आलेलं, कोवळ्या तोंडाचं पोर होतं, त्याच्या आईला अजून कळवलेलंही नाही. थंडीने कर्ण्याची कळ गोठते, तर तो काखेत धरून ऊब देतो आणि मग ‘बर्फफुटी’च्या तेवढ्या आठ मात्रा वाजवतो. पाळकांनी यायला नकार दिला. तेव्हा आमच्याकडे प्रार्थना म्हणून तेवढंच आहे.

मी त्याला म्हटलं, हे तुला महागात पडेल. तो म्हणाला, “सानेल्मा, मेलेल्याला मुक्याने कसं पाठवायचं?” यावर तू तुझ्या पत्रातून काय उत्तर देशील ते दे.

तोफांचा आवाज यायला लागला आहे. इम्पी म्हणते ढग गडगडतात. मार्चमध्ये कुठले ढग.

सानेल्मा

*

ताम्पेरे,
२५ एप्रिल १९१८

याल्मारी,

आम्ही जिवंत आहोत. आधी एवढं वाच आणि एक श्वास घे.

शहर पडलं. आमची गल्ली अर्धी जळाली, आपल्या घराच्या काचा गेल्या, भिंती आहेत. हे पत्र तुझ्याआधी कोणीतरी वाचणार, म्हणून जास्त लिहीत नाही. तावेत्ती गावाबाहेरच्या छावणीत आहे. पट्टी सापडली नाही, पण त्यांच्या एका शिपायाने त्याला वाजवताना पाहिलं होतं. चौकात हजारो माणसं उभी केली होती. मी इम्पीला खांद्यावर घेऊन शोधत होते आणि तीच ओरडली, “बाबांची टोपी!”

हजारो माणसं एका कुंपणात आहेत. खायला पाण्यासारखं कालवण आणि खारट मासा. मासा खाल्ल्यावर प्यायला पाणी नाही. मी दर बुधवारी तारेपाशी जाते. कधी दिसतो, कधी नाही.

आता नीट ऐक. प्रत्येकाची चौकशी होणार आहे. कोणा प्रतिष्ठित माणसाने लिहून दिलं की हा मनुष्य सालस आहे, याने शस्त्र धरलं नाही, तर सोडतात. शेजारच्या शिंप्याला तसंच सोडलं. आम्हाला कोण लिहून देणार? गिरणीचा व्यवस्थापक दारात उभं करत नाही. पाळकांचं काय सांगू.

पण तू आहेस. तू देशाच्या वाद्यवृंदात आहेस. तुझ्या हातची चार ओळींची चिठ्ठी आणि खाली तुमच्या त्या ग्रानरूटसाहेबांची सही. एवढंच. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते.

लवकर कर रे.

तुझी ताई

*

हेलसिंकी,
१९ मे १९१८

माझ्या लाडक्या ताई,

तुझं पत्र फिरत फिरत फार उशिरा हाती आलं, म्हणून उत्तराला वेळ झाला. तुम्ही जिवंत आहात हे वाचून मी खुर्चीत बसलो तो किती तरी वेळ उठलोच नाही.

काळजी करू नकोस. चिठ्ठी मी लिहिली आहे, चांगली दोन पानं भरून. दाजींनी मला कसं वाढवलं, कसं शिकवलं, त्यांचा स्वभाव, सगळं लिहिलं आहे. ग्रानरूटसाहेबांकडे दिली आहे. ते सध्या फार कामात आहेत, पण माणूस दिलदार आहे. आठ-दहा दिवसांत सही होऊन परस्पर छावणीच्या कचेरीत जाईल. दाजींना तसं सांग. धीर धरायला सांग.

इथे सोळा तारखेला विजयाचा सोहळा झाला. दुपारी फौजेची मिरवणूक आणि संध्याकाळी आमचा कार्यक्रम. मला माहीत आहे, तुला हे वाचवणार नाही, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतही नाही. इतकी फुलं मी कधी पाहिली नव्हती. संचालकांनी छडी उचलली आणि पहिला सूर फुटतो की काय असं वाटलं. नाही फुटला. श्वास सोडला फक्त. लोक म्हणतात, याल्मारीने असं कधीच वाजवलं नव्हतं.

इम्पीसाठी थोडा साखरेचा खडा पाठवतो आहे. एवढाच मिळाला.

तुझा,
याल्मारी

*

ताम्पेरे,
१० जून १९१८

प्रिय याल्मारी,

तुझं पत्र मी तारेपाशी उभी राहून त्याला वाचून दाखवलं. सोहळ्याची ओळ गाळली. चिठ्ठीची ओळ तीनदा वाचली. तावेत्ती हसला. दात मोठे दिसायला लागलेत आता, पण हसला. म्हणाला, “दोन पानं? एवढे गुण माझ्यात कुठले? त्याला सांग, घोरतो तेही लिहायला हवं होतंस.” बाजूच्यांना सांगत सुटला, माझ्या मेहुण्याची चिठ्ठी येते आहे, हेलसिंकीहून, देशाच्या वाद्यवृंदातून. मला वाटतं त्या चिठ्ठीवरच तो उभा आहे. पायांत तर जोर नाही.

गेल्या आठवड्यात शिटी वाजवली म्हणून मार खाल्ला. ‘बर्फफुटी’च वाजवत होता, अगदी हळू, स्वतःशी. पहारेकरी वीस वर्षांचा मुलगा. त्याने बंदुकीच्या दस्त्याने गालावर मारलं. म्हणाला, “हे आमचं आहे. तुझ्या तोंडात शोभत नाही.” तावेत्ती मला म्हणाला, “पोराचा कान चांगला आहे हं, दोन सुरांत ओळखलं.” मग मात्र खाली बघत राहिला.

अजून एक. आपल्या गावचा मोठा शेतकरी इर्याना आला होता. त्याला शेतावर कामाला कैदी हवे होते. दहा जण निवडले. तावेत्तीला ओळखून त्याने हाक मारली. तावेत्ती नको म्हणाला. चिठ्ठी आली आणि मी जागेवर नसलो तर कागद पुन्हा तळाशी जाईल, असं त्याला वाटलं. खरंच आहे ना ते? आता आलीच असेल ना चिठ्ठी? कचेरीत विचारलं तर कारकून म्हणतो, या नावाचं काही नाही.

तू एकदा साहेबांना आठवण दे. त्यांच्या बायकोला भेट हवं तर.

ताई

*

हेलसिंकी,
२ जुलै १९१८

प्रिय ताई,

कचेऱ्या तुंबल्या आहेत, हजारो कागद पडून आहेत असं ऐकतो. थोडा धीर धर. मी पुन्हा विचारतो.

दाजींना सांग, जपून राहा आणि शिटी नका वाजवू. सुकवलेले मासे पाठवतो आहे.

आमचा वाद्यवृंद कदाचित परदेशी जाईल. जगाला आपली ओळख करून द्यायची, असा मंडळाचा विचार आहे. तालमी सुरू आहेत. वेळ अगदी मिळत नाही.

याल्मारी

*

ताम्पेरे,
२५ जुलै १९१८

याल्मारी,

तावेत्ती अठरा तारखेला गेला. उपाशी माणसाला ताप पुरतो.

मला कोणी कळवलं नाही. बुधवारी भाकरी घेऊन गेले, तर तारेपलीकडच्या माणसाने मान हलवली आणि हात पुढे केला. मी भाकरी त्याला दिली.

साहेबांना सांग, आता सहीची गरज नाही.

सानेल्मा

*

हेलसिंकी,
४ ऑगस्ट १९१८

ताई,

हे पत्र मी सात वेळा फाडलं आहे. आठव्यांदा लिहितो आहे.

चिठ्ठी कधी दिलीच नव्हती. लिहिलीही नव्हती. दोन पानं, ग्रानरूटसाहेब, आठ-दहा दिवस, सगळं खोटं.

तुझं एप्रिलचं पत्र उशिरा आलं हेही खोटं. ते तीन मेला माझ्या हातात होतं. सहा मेला वाद्यवृंदातल्या प्रत्येकाला एक छापील कागद भरायला दिला. मार्चमध्ये आम्ही तांबड्यांपुढे वाजवलं होतं, म्हणून आमचीच चौकशी होती. म्हातारा बासून वाजवणारा लिंडक्विस्ट आणि दुसऱ्या फळीतला एक व्हायोलिनवाला यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. सातवा प्रश्न होता, बंडखोरांमध्ये तुमचे नातलग आहेत काय? माझ्यामागे रांग होती. टेबलापलीकडे ग्रानरूटसाहेब स्वतः बसले होते. मी लिहिलं, ‘कोणी नाही.’ तुझं पत्र त्या वेळी कोटाच्या आतल्या खिशात होतं. कागदाची घडी छातीला टोचत होती.

मनाशी म्हटलं, सोहळा होऊ दे, मग एकट्यात त्यांना सगळं सांगेन. सोहळ्यानंतर ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, “देशाला तुमच्यासारखे स्वच्छ लोक हवेत.” मग सांगता येईना. रोज वाटायचं उद्या सांगेन, आणि प्रत्येक उद्याबरोबर ते आणखी अवघड होत गेलं. तुझं जूनचं पत्र आलं, गालावर मारलं ते वाचलं. त्याच संध्याकाळी मी तेच सूर वाजवले आणि लोकांनी फुलं फेकली. मी खाली वाकून ती गोळा केली, ताई.

देशासाठी केलं, कलेसाठी केलं, असं काही लिहावं म्हणून बसलो होतो. एवढे दिवस मोठं कारण शोधतो आहे. सापडत नाही. मी घाबरलो. तेवढंच आहे.

तू मला काय हवं ते म्हण. पण काहीतरी म्हण.

याल्मारी

*

हेलसिंकी,
१२ जानेवारी १९१९

ताई,

नाताळात पाठवलेलं गाठोडं परत आलं. सुतळी न सोडता. त्यात इम्पीसाठी लोकरी मोजे होते. ते तरी घे.

मी वाद्यवृंद सोडणार होतो. राजीनामा लिहिला, खिशात घेऊन तीन आठवडे फिरलो. दिला नाही. हेही तुला सांगून टाकतो. आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, आणि तुला ऐकायचंच नाही.

दाजींना कुठे ठेवलं आहे, एवढं कळव.

याल्मारी

*

ताम्पेरे,
१७ ऑक्टोबर १९२०

याल्मारी,

तुझी नऊ पत्रं पेटीत आहेत. चार फोडलीच नाहीत. आज दोन वर्षांनी लिहायला बसले आहे, ते तुझ्यासाठी नव्हे. माझ्या आत एक गोष्ट अडकली आहे आणि ती ऐकायला जगात दुसरं कोणी लायक नाही. म्हणून तुला.

मी तुला लिहिलं होतं, इर्याना शेतावर न्यायला आला तेव्हा तावेत्ती नको म्हणाला. ते खोटं होतं. तो हो म्हणाला होता. टोपी डोक्यावर घालून तयार होता. तारेशी आला आणि म्हणाला, “सानेल्मा, पोटभर ताक मिळेल गं, आणि गवतात झोपायला.” मी तारेतून हात घालून त्याची बाही धरली. मी म्हटलं, वेडा आहेस का, याल्मारीची चिठ्ठी दोन दिवसांत येते, तू इथून हललास तर कागद चुकेल. तो म्हणाला, “ताक पिऊन परत येतो की.” मी बाही सोडली नाही. इर्याना घड्याळ बघत होता. शेवटी त्याने दुसऱ्या एकाकडे बोट केलं.

ते दहाही जण परत आले. एकजण इथे गल्लीच्या टोकाला राहतो. मला बघितलं की टोपी काढतो.

तेव्हा तू खोटं लिहिलंस, आणि मी त्या खोट्यावर माझा माणूस बांधून ठेवला. रात्रंदिवस मी हिशेब करत बसत असे, यातलं तुझं किती आणि माझं किती. आता सोडलं. तुला शिव्या द्यायला तोंड उघडलं की त्याची बाही माझ्या हातात येते.

आता दुसरं. गुरुवारी तुमचा वाद्यवृंद इथे आला होता. भिंतीवर जाहिरात लागली होती. मी गेले. का गेले ते विचारू नकोस. तुला एकदा बघायचं होतं, आणि बघून थुंकायचं होतं, असं मी घरून निघताना तरी ठरवलं होतं. बाराव्या रांगेत बसले. शेजारी फरचा कोट घातलेली बाई. तू तिसरा बसला होतास, डावीकडून. केस मागे गेलेत तुझे. बाबांसारखा दिसायला लागला आहेस.

दिवे मंद झाले. मी मुठी आवळल्या. आणि तू ते सूर लावलेस.

याल्मारी, मी उभी राहिले. कोणी उठायच्या आत. पाय माझे नव्हतेच. तावेत्ती काखेतून कर्णा काढतो आणि ओठांवर जीभ फिरवतो, एवढंच मला दिसलं. त्या अकरा पेट्या दिसल्या. मग सगळे उठले आणि मी रडायला लागले, अशी की आवाज आवरेना. त्या फरवालीने माझा हात धरला. तिच्याही डोळ्यांत पाणी. मला हळूच म्हणाली, “तुमचंही कोणी गेलं का हो लढाईत?” मी म्हटलं, “नवरा.” ती म्हणाली, “माझा मुलगा. इथेच, एप्रिलमध्ये.” तिने कुठल्या बाजूने ते विचारलं नाही. तिला वाटलं विचारायची गरजच नाही, कारण या सुरांना उभी राहते ती तिच्याच बाजूची. मीही सांगितलं नाही. शेवटपर्यंत तिने हात सोडला नाही. तिचा हात गरम होता, आणि सोडवून घ्यावा असं मला वाटलं नाही, याची मला घरी आल्यावर फार लाज वाटली.

तू चांगलं वाजवलंस. तावेत्ती असता तर म्हणाला असता, दुसऱ्या मात्रेला घाई केलीस.

मी तुला क्षमा केलेली नाही. करेन असं वाटतही नाही. इम्पी नऊ वर्षांची आहे, बोलायला लागली की थांबत नाही. तिला मी सांगितलं आहे की तिचा मामा लांब राहतो. ते खोटं नाही.

दाजींना कुठे ठेवलं, असं तू पुन्हा पुन्हा विचारतोस. कोणालाच नीट माहीत नाही. टेकडीच्या मागे लांब चर आहेत. एकेकात शंभर-दोनशे माणसं. क्रूस लावू देत नाहीत, फुलं ठेवली तर पहारेकरी उचलून फेकतो. तो रविवारी आठला येतो. आम्ही बायका सहाला जातो. वाळूच्या खाणीकडून तिसरा चर, असं छावणीतून सुटलेल्या एकाने मला सांगितलं. मी त्याच्या पश्चिमेच्या टोकाला उभी असते. तावेत्तीचे पाय तिथे असतील असं मी धरून चालते. नसतीलही. दुसऱ्या कोणाचे असतील, तर त्याचीही कोणी तरी असेल, ती तावेत्तीच्या पायाशी उभी असेल.

तुला यायचं तर ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. पण पूर्वेचं टोक मोकळं असतं, आणि तिथे तू उभा राहिलास तर मी तुला हाकलणार नाही.

सानेल्मा